चीन–यूरोप संगीतविनिमय

चीन आणि यूरोप ह्यांच्यातील संगीतविनिमय म्हणजे दोन्हीकडील गायक-वादक, वाद्ये, स्वरलेखनाच्या पद्धती व संगीतरचना ह्यांची परस्परांच्या प्रदेशांत झालेली ये-जा होय. तिचा बऱ्याच अंशी सलग असा इतिहास सतराव्या शतकाच्या आरंभापासून सांगता येतो. ह्या इतिहासात दौरे, मैफली आणि महोत्सव प्रथम नजरेत भरतात; तथापि दोन्ही संगीतपरंपरांवर ज्यांचा खोलवर ठसा उमटला, ते बहुतेक संगीतकार पाहुणे म्हणून आलेले नव्हते. ते परक्या देशात वर्षानुवर्षे राहिले, तेथे शिकले किंवा त्यांनी तेथे शिकविले. दुसरी गोष्ट अशी, की हा व्यवहार संगीतकारांच्या इच्छेवर क्वचितच अवलंबून राहिला. प्रथम राजदरबार, नंतर परकीयांच्या वसाहतींची नगरपालिका आणि अखेर राज्यसंस्थेचे सांस्कृतिक खाते ह्यांच्या अनुज्ञेनेच तो चालला वा थांबला आणि तो थांबला, त्या त्या वेळी त्याची किंमत कलावंतांना मोजावी लागली.

दोन्ही परंपरांतील मूलभूत भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. यूरोपीय संगीत सोळाव्या शतकापर्यंत बहुध्वनिप्रधान झाले होते. अनेक स्वरांचा एकाच वेळी होणारा मेळ आणि तो नेमका टिपून ठेवणारी पंचरेषी स्वरलिपी हे त्याचे बळ होते. चिनी संगीताचा भर एकेरी स्वरावलीवर आणि प्रत्येक स्वराच्या नादगुणावर होता. गूचिन ह्या सात तारांच्या वाद्याच्या लिपीत स्वराचे नाव नसते. कोणती तार कोणत्या बोटाने व कशी छेडावी, एवढेच ती सांगते आणि लय मोठ्या प्रमाणावर गुरुमुखातून घ्यावी लागते. भारतीय वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. यूरोपीय श्रोत्याला मात्र असे संगीत दीर्घकाळ अपुरे वाटत राहिले आणि चिनी श्रोत्याला यूरोपीय स्वरमेळ गोंगाटासारखा वाटे.

प्रारंभ : फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक जोव्हान्नी दा मोंतेकोर्व्हीनो (१२४७–१३२८) हा भारतामार्गे मंगोल सम्राटांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये पोहोचला. तेथील सु. ४० मुलांना आपण लॅटिन प्रार्थनागीते शिकविली व त्यांचे गायन सम्राटाला आवडते, असे त्याने १३०५ मधील एका पत्रात नमूद केले आहे. युआन राजवट १३६८ मध्ये कोसळल्यावर हा धागा तुटला. पुढे मिंग काळाच्या उत्तरार्धात सागरी व्यापारातून एक वाद्य दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर उतरले. संतूरप्रमाणे काड्यांनी वाजविले जाणारे हे वाद्य इराणी व्यापाऱ्यांनी आणले की यूरोपीय खलाशांनी, ह्याविषयी मतभेद आहेत. ‘यांगचिन’ ह्या त्याच्या नावाचा मूळ अर्थ ‘परदेशी तंतुवाद्य’ असा असला, तरी आज ते अस्सल चिनी वाद्य मानले जाते.

खऱ्या अर्थाने संबंध जुळले ते जेझुइटांमुळे. इटालियन जेझुइट मात्तेओ रीत्ची (१५५२–१६१०) हा १५७८ मध्ये गोव्यास आला; गोवा व कोचीन येथे जवळजवळ चार वर्षे घालवून १५८२ मध्ये तो मकाऊला पोहोचला. पोर्तुगीज साम्राज्यात पूर्वेकडील धर्मप्रसाराचे मुख्य केंद्र गोवा हेच असल्याने चीनमध्ये गेलेले बरेच जेझुइट ह्याच वाटेने गेले. रीत्चीला बीजिंगमध्ये प्रवेश मिळाला १६०१ मध्ये. सम्राट वान्लीला त्याने ज्या भेटी दिल्या, त्यांत घड्याळांबरोबरच पट्ट्यांचे एक यूरोपीय तंतुवाद्य होते. ते वाजविता यावे म्हणून सम्राटाने चार खोजांची नेमणूक केली. रीत्ची स्वतः वादक नव्हता. त्याचा स्पॅनिश सहकारी दीएगो दे पांतोहा ह्याने हे वादन नानजिंग येथे आपल्या एका सहधर्मोपदेशकाकडून नुकतेच शिकून घेतले होते. तो रोज राजवाड्यात जाऊन त्या चौघांना शिकवू लागला. ह्या सुरावटींचे शब्द कोणते, असे सम्राटाने विचारले तर काय सांगावे, अशी धास्ती खोजांना पडली. तेव्हा रीत्चीने नीतिपर आशयाची आठ लहान गीते चिनी भाषेत रचून दिली. वाद्यसंगीताला शब्दांचा आधार असलाच पाहिजे, ही खोजांची अपेक्षा आणि ती भागवून त्यातूनच धर्मविचार पोहोचविण्याची रीत्चीची चतुराई, ह्या दोहोंत पुढील अनेक प्रसंगांचे बीज दिसते. वान्लीचे कुतूहल ओसरल्यावर ते वाद्य विस्मरणात गेले; १६४० च्या सुमारास आडाम शाल ह्या जर्मन जेझुइटाने ते पुन्हा दुरुस्त केले.

कांग्शीचा दरबार : मांचू सम्राट कांग्शी (कार. १६६१–१७२२) ह्याला गणित, ज्योतिष आणि संगीत ह्या तिन्हींत खरीखुरी गोडी होती. त्याच्या दरबारी १६७३ पासून असलेला पोर्तुगीज जेझुइट तोमास पेरैरा (१६४५–१७०८) ह्याचे काही शिक्षण गोव्यात झाले होते. तो उत्तम वादक व ऑर्गन बांधणारा कारागीर होता. सम्राटापुढे वाजविली गेलेली एक चिनी धून पेरैराने ऐकता ऐकता कागदावर टिपली आणि लगेच जशीच्या तशी वाजवून दाखविली, अशी हकीकत त्याचा सहकारी फेर्डिनांट व्हर्बीस्ट ह्याने दिली आहे. सम्राटाला आश्चर्य वाटले ते सुरांचे नव्हे, तर स्वरलिपीचे. पंचरेषी लिपीचे पहिले चिनी विवेचन पेरैराच्या लेखनावर आधारलेले असून ते राजाज्ञेने सिद्ध झालेल्या ल्यूल्यू चंगयी ह्या संगीतशास्त्रीय ग्रंथाच्या पुरवणीत अंतर्भूत झाले. ही पुरवणी पूर्ण करण्यात तेओदोरीको पेद्रीनी (१६७१–१७४६) ह्या इटालियन धर्मोपदेशकाचा वाटा होता.

पेद्रीनीचे चरित्र म्हणजे ह्या काळातील संगीतविनिमयाचा जणू नमुनाच होय. तो जेझुइट नव्हता. लाझारिस्ट संघाचा होता. दक्षिण अमेरिका, मेक्सिको व फिलिपीन्स असा वळसा घेत अनेक वर्षांचा प्रवास करून तो १७११ मध्ये बीजिंगला पोहोचला आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिला. त्याने राजपुत्रांना संगीत शिकविले, दरबारातील वाद्ये जुळविली व दुरुस्त केली. पूर्वजपूजेचे चिनी विधी ख्रिस्ती धर्माशी सुसंगत आहेत किंवा नाहीत, ह्या वादात पोपच्या निर्णयाची बाजू घेतल्याबद्दल त्याला कांग्शीच्या अखेरच्या वर्षांत कारावास भोगावा लागला. नव्या सम्राटाने १७२३ मध्ये त्याची सुटका केली. व्हायोलिनसाठी त्याने रचलेल्या १२ सोनाटांचे हस्तलिखित बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित आहे. त्यांची धाटणी पूर्णपणे इटालियन असून चिनी संगीताचा कोणताही मागमूस त्यांत आढळत नाही. एखाद्या संगीतकाराने ३५ वर्षे परदेशात काढावीत आणि त्याच्या रचनेत त्या देशाचा एकही स्वर उतरू नये, ही बाब विचार करण्यासारखी आहे. १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी आली आणि धर्मोपदेशक केवळ तंत्रज्ञ म्हणून दरबारात उरले.

आम्यो आणि यूरोपातील चिनी संगीत : झोझेफ-मारी आम्यो (१७१८–९३) हा फ्रेंच जेझुइट १७५१ मध्ये बीजिंगला आला. बासरी व हार्पसिकॉर्ड ही वाद्ये तो चांगली वाजवीत असे. रामो ह्या त्या वेळच्या अग्रगण्य फ्रेंच संगीतकाराच्या निवडक रचना त्याने सुशिक्षित चिनी श्रोत्यांना ऐकविल्या. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतल्या, परंतु त्यांच्या चेहऱ्यावर कोणताही भाव उमटला नाही. त्यांच्या मते चिनी संगीत कानांतून हृदयात आणि तेथून आत्म्यापर्यंत जाते, तसे ह्या संगीताचे होत नव्हते. आम्योचे मोठेपण असे, की त्याने ह्याचा दोष श्रोत्यांना दिला नाही. उलट तो चिनी संगीतशास्त्राच्या अभ्यासाकडे वळला. चिनी संगीतावरील त्याचा प्रबंध पॅरिस येथे १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन नादनलिकांवर आधारलेले बारा स्वर, त्यांची गणिती मांडणी आणि वाद्यांचे चिनी वर्गीकरण ह्यांचे तपशीलवार विवेचन यूरोपीय भाषेत त्यामुळे प्रथमच उपलब्ध झाले. पुढील शंभर वर्षे चिनी संगीतावर यूरोपात जे लिहिले गेले, त्याचा मुख्य आधार हाच ग्रंथ होय. मात्र हे शास्त्र ग्रंथांतील होते. रस्त्यावर, नाट्यगृहात वा देवळात प्रत्यक्ष जे वाजत होते, त्याकडे आम्योचेही फारसे लक्ष नव्हते.

आम्योने पॅरिसला पाठविलेल्या वाद्यांत ‘शंग’ हे वाद्य होते. तुंब्यासारख्या पात्रात बांबूच्या नळ्या बसविलेल्या असून प्रत्येक नळीच्या बुडाशी धातूची एक पातळ पत्ती मोकळी कंप पावते, अशी त्याची रचना असते. तोंडाने हवा फुंकली किंवा ओढली, तरी स्वर तोच निघतो. शंग यूरोपात त्याआधीही अधूनमधून पोहोचले होते. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस मोकळ्या पत्तीच्या ह्या तत्त्वावर यूरोपात प्रयोगांची लाट आली. कोपनहेगनच्या क्रात्सेनश्टाइन ह्या शास्त्रज्ञाने मानवी स्वरांचे अनुकरण करणारे यंत्र १७८० च्या सुमारास ह्याच पत्तीवर बनविले. व्हिएन्नात १८२९ मध्ये अकॉर्डियनचे आणि पॅरिसमध्ये १८४२ मध्ये हार्मोनियमचे एकस्व घेतले गेले. एका विशिष्ट शंगवरून एक विशिष्ट यूरोपीय वाद्य घडले, असे दाखविणे कठीण आहे. परंतु तत्त्व पूर्वेकडून आले, ह्याबद्दल फारशी शंका राहत नाही. पुढे हार्मोनियम भारतात आला, कलकत्त्यात त्याला हातभात्याचे रूप मिळाले आणि मराठी संगीत रंगभूमीवर व कीर्तनात ‘पेटी’ म्हणून तो रुळला. मराठी श्रोत्याच्या परिचयाच्या ह्या नादाचे एक मूळ असे चीनमध्ये सापडते. चिनी संगीताने यूरोपला दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी कोणत्याही दौऱ्याने नव्हे, तर एका पेटाऱ्यातून गेली.

सुरावटींचा प्रवास मात्र निराळ्या रीतीने झाला. द्यू आल्द ह्या फ्रेंच जेझुइटाने १७३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चीनविषयक ग्रंथात काही चिनी धुनी छापल्या होत्या. त्यांतील एक रूसोने आपल्या संगीतकोशात (१७६८) उद्‌धृत केली. तेथून ती जर्मन संगीतकार वेबर ह्याने उचलली व तूरांदोत ह्या नाटकासाठी १८०९ मध्ये रचलेल्या संगीतात वापरली. वेबरच्या ह्याच संगीतावरून पाउल हिंडेमिट ह्याने १९४३ मध्ये एक वाद्यवृंदरचना सिद्ध केली. ह्या साखळीतील रूसो, वेबर व हिंडेमिट ह्यांपैकी कोणीही चीनमध्ये गेलेला नव्हता. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर गेलेल्या मंडळींनी ‘मोली ह्वा’ (मोगऱ्याचे फूल) हे लोकगीत टिपून आणले. लंडनमध्ये ते यूरोपीय साथसंगतीसह छापले गेले. वकिलातीतील जॉन बॅरो ह्याला हे रुचले नाही. अशा नटव्या साजामुळे मूळ चिनी चाल चाल म्हणून उरतच नाही, अशी तक्रार करून त्याने आपल्या प्रवासवर्णनात (१८०४) ती साधी, साजाविना छापली. बॅरोला चिनी संगीताचे मोठेसे कौतुक नव्हते, हे लक्षात घेता त्याचा हा काटेकोरपणा विशेषच म्हणावा लागेल. पूचीनीने आपल्या तूरांदोत ह्या संगीतिकेत (पहिला प्रयोग मिलान, १९२६) ही चाल बालकांच्या समूहगानासाठी वापरली. त्याच्या चिनी सुरावटींचा एक उगम चीनहून परतलेल्या एका इटालियन सरदाराकडील संगीतपेटी हा होता.

शांघाय : अफूच्या युद्धांनंतर चीनच्या बंदरांत परकीयांच्या वसाहती स्थापन झाल्या आणि यूरोपीय संगीत दरबारातून शहरात आले. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत १८७९ मध्ये एक सार्वजनिक बँड सुरू झाला. झां रेम्यूझा हा फ्रेंच बासरीवादक त्याचा पहिला संचालक होता आणि वादक मुख्यतः फिलिपीन्समधील होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन संचालक रूडोल्फ बुक ह्याच्या हाताखाली बँडचे वाद्यवृंदात रूपांतर होऊ लागले. १९१९ मध्ये मार्यो पाची (१८७८–१९४६) ह्या इटालियन पियानोवादकाने सूत्रे हाती घेतली व १९४२ पर्यंत ती सांभाळली. त्याच्या कारकीर्दीत शांघाय नगरपालिकेचा वाद्यवृंद आशियातील उत्कृष्ट वाद्यवृंदांत गणला जाऊ लागला. रशियन क्रांतीनंतर आलेल्या निर्वासित वादकांनी त्यात मोलाची भर घातली. ह्या वाद्यवृंदाचा खर्च करांतून भागत असे आणि कर चिनी रहिवासीही भरीत. तरी १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या मैफलींची दारे चिनी श्रोत्यांना बंद होती. पाचीच्या आग्रहाने ती उघडली गेली. १९२७ मध्ये थान शूचन हा व्हायोलिनवादक वाद्यवृंदातील पहिला चिनी सभासद झाला.

त्याच वर्षी लाइप्सिक येथे शिकलेल्या श्याव यौमेई (१८८४–१९४०) ह्याने शिक्षणतज्ञ त्साय य्वानफेई ह्याच्या साहाय्याने शांघाय येथे संगीत महाविद्यालय स्थापन केले. वाद्यवृंदातील परदेशी वादक तेथे शिकवू लागले. १९३८–३९ नंतर नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू संगीतकार त्यांना येऊन मिळाले. एका प्रवेशपत्राविना ह्या शहरात उतरता येत होते, एवढ्याच कारणाने व्हिएन्ना-बर्लिनची विद्या चिनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. रशियन संगीतकार अलेक्सांद्र चेरेपनीन ह्याने १९३४ मध्ये चिनी धाटणीच्या पियानोरचनांसाठी स्पर्धा जाहीर केली. ह लूतिंग (१९०३–९९) ह्याच्या गुराख्याचा पावा ह्या रचनेस पहिले पारितोषिक मिळाले. दोन स्वतंत्र स्वरावली परस्परांत गुंफण्याचे यूरोपीय तंत्र आणि पंचस्वरी चिनी चाल ह्यांचा इतका सहज मेळ त्यापूर्वी साधला गेला नव्हता. चेरेपनीनने ही रचना स्वखर्चाने प्रसिद्ध करून यूरोपातील मैफलींत वाजविली. पॅरिसमध्ये शिकून परतलेला श्यॅन शिंगहाय (१९०५–४५) ह्याने १९३९ मध्ये येनान येथे रचलेली पीत नदीवरील समूहगीतमालिका हेही ह्याच पिढीचे फळ होय.

उलट दिशेने गेलेला पहिला मोठा चिनी कलावंत म्हणजे पीकिंग संगीतिकेतील स्त्रीभूमिकांचा विख्यात नट मेई लानफांग (१८९४–१९६१). १९३५ मध्ये मॉस्को व लेनिनग्राड येथे झालेल्या त्याच्या प्रयोगांना स्तानिस्लाव्हस्की, मायरहोल्ट, आयझेनस्टाइन आणि ब्रेख्त ह्यांसारखे दिग्गज उपस्थित होते. ब्रेख्तने आपल्या नाट्यविचाराची महत्त्वाची मांडणी ह्या अनुभवातून केली. गायन, हालचाल व तालवाद्ये ह्यांची त्या प्रयोगांतील अभेद्य वीण मात्र बहुतेक समीक्षकांनी नाट्य म्हणूनच पाहिली. संगीताबद्दल तुलनेने थोडेच लिहिले गेले. मराठीत बालगंधर्वांच्या गायनाविषयी जेवढा ऊहापोह झाला, तसा विचार यूरोपात मेई लानफांगच्या वाट्याला आला नाही.

जनता प्रजासत्ताकाचा काळ : १९४९ नंतर विनिमय राज्यसंस्थेच्या हाती गेला. सोव्हिएट तज्ञ बीजिंग व शांघायच्या महाविद्यालयांत शिकवू लागले आणि निवडक चिनी विद्यार्थी मॉस्को, वॉर्सा, बूडापेस्ट येथे पाठविले गेले. १९५५ मध्ये पीकिंग संगीतिकेच्या एका मंडळीने पॅरिसचा आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव गाजविला व नंतर लंडनमध्येही प्रयोग केले. त्याच वर्षी वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत पाचीचा शिष्य फू त्सुंग (१९३४–२०२०) ह्याला तिसरे पारितोषिक आणि माझुर्का ह्या पोलिश नृत्यप्रकारावरील रचनांच्या वादनासाठीचे खास पारितोषिक मिळाले. पोलिश लोकसंगीताचा गाभा एका चिनी तरुणाला गवसावा, ह्याचे परीक्षकांना नवल वाटले. त्याचे वडील फू लेई हे बाल्झॅक व रोमँ रोलां ह्यांच्या कादंबऱ्यांचे ख्यातनाम अनुवादक होते. मुलाला लिहिलेल्या पत्रांतून ते शोपँच्या संगीताचा अर्थ जुन्या चिनी काव्याच्या आधारे उलगडून दाखवीत. १९५८ मध्ये ल्यौ शकुन ह्याला मॉस्कोच्या पहिल्या चायकॉव्हस्की स्पर्धेत दुसरा क्रमांक विभागून मिळाला आणि कू शंगयिंग हिने जिनीव्हाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळविले. कारेल आन्चेर्ल ह्याच्या संचालनाखाली चेक फिलहार्मॉनिक वाद्यवृंद १९५९ मध्ये चीनमध्ये आला. त्याच दौऱ्यात त्याने भारतालाही भेट दिली होती.

ह्या यशाची पुढील कहाणी विदारक आहे. फू लेई ह्यांच्यावर १९५८ मध्ये ‘उजव्या विचारांचे’ असा ठपका ठेवण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस फू त्सुंग वॉर्साहून लंडनला निघून गेला. १९६० मध्ये सोव्हिएट तज्ञ परत बोलाविले गेले. १९६३ मध्ये द्यब्यूसीच्या संगीतविषयक लेखांचा चिनी अनुवाद निघाल्याचे निमित्त करून याव वनय्वान ह्याने शांघायच्या एका वृत्तपत्रात त्याच्यावर टीका केली. द्यब्यूसीची परिभाषाच टीकाकाराला समजलेली नाही, असे उत्तर ह लूतिंगने दिले. याव पुढे ‘चौकडी’तील एक सत्ताधीश झाला आणि ते उत्तर ह लूतिंगच्या नावे गुन्हा म्हणून नोंदले गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) यूरोपीय संगीतावर बंदी आली. सप्टेंबर १९६६ मध्ये फू लेई व त्यांची पत्नी ह्यांनी आत्महत्या केली. १९६७ च्या आरंभी कू शंगयिंगने आपली आई व भाऊ ह्यांच्यासह तोच मार्ग पत्करला. ल्यौ शकुन तुरुंगात गेला. ह लूतिंगची जाहीर निर्भर्त्सना १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आली; आरोप खोटे असल्याचे त्याने तेथेच ओरडून सांगितले. तो सु. पाच वर्षे तुरुंगात होता. ह्या सर्वांचा अपराध एकच, तो म्हणजे परके संगीत त्यांनी आपलेसे केले होते. ह्याच वर्षांत पीत नदीवरील जुन्या समूहगीतमालिकेचे पियानो कंचेर्तोत रूपांतर करून ते अधिकृतपणे वाजविले जात होते. पियानो चालत होता. पियानोचे रचनाकार चालत नव्हते.

अमेरिका व पश्चिम यूरोप ह्यांच्याशी संबंध सुधारताच १९७३ मध्ये दारे एकाएकी किलकिली झाली. मार्चमध्ये जॉन प्रिचर्डच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मॉनिक, एप्रिलमध्ये क्लाउद्यो आबादोबरोबर व्हिएन्ना फिलहार्मॉनिक आणि सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाचा अमेरिकन वाद्यवृंद असे तीन दौरे झाले. श्रोते निमंत्रित असत आणि कार्यक्रमातील रचना सरकारी मान्यतेने ठरत. परंतु १९७४ च्या जानेवारीतच वृत्तपत्रांतून ‘शीर्षकहीन संगीता’विरुद्ध मोहीम उघडण्यात आली. ज्या रचनेला कथाशय सांगणारे नाव नाही, ती आपला वर्गीय आशय लपविते, असा आक्षेप घेऊन बेथोव्हन व शूबर्ट ह्यांना लक्ष्य करण्यात आले. वान्लीच्या खोजांना पडलेला शब्दांविषयीचा प्रश्न पावणेचारशे वर्षांनी अशा भीषण रूपात पुन्हा उभा राहिला.

२६ मार्च १९७७ रोजी, बेथोव्हनच्या १५० व्या स्मृतिदिनी, मॉस्कोत शिकलेला वृंदसंचालक ली दलुन ह्याने बीजिंगमध्ये त्याची पाचवी सिंफनी सादर केली आणि बंदी उठल्याचे श्रोत्यांनी ओळखले. १९७८ मध्ये मध्यवर्ती संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्या वर्षी फू त्सुंग आई-वडिलांच्या शोकसभेसाठी दोन दशकांनी मायदेशी आला आणि पुढे तेथे शिकवू लागला. १९७९ च्या शरद ऋतूत काराजान व बर्लिन फिलहार्मॉनिक बीजिंगला आले. विमानाचा जिना मोडून दोन वादक जखमी झाले. तरीही मैफली क्रीडागृहात पार पडल्या आणि चिनी व जर्मन वादकांनी बेथोव्हनची सातवी सिंफनी एकत्र वाजविली. फ्रेंच संगीतकार झां-मिशेल झार ह्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत १९८१ मध्ये, ‘व्हॅम’ ह्या ब्रिटिश पॉप जोडीची गाणी १९८५ मध्ये आणि पाव्हारॉत्तीचे गायन १९८६ मध्ये बीजिंगमध्ये झाले. ह्यांचा गाजावाजा मोठा झाला. तथापि अलेक्झांडर गोअर ह्या इंग्रज संगीतकाराने १९८० मध्ये बीजिंगच्या विद्यार्थ्यांना दिलेले रचनेचे पाठ अधिक फलदायी ठरले, असे म्हणता येईल. त्या पिढीतील छन छीगांग (१९५१–    ) हा १९८४ मध्ये पॅरिसला जाऊन मेस्यांचा अखेरचा शिष्य झाला. को वनचिंग (१९५६–    ) बीजिंगमध्येच राहिला. लू शून ह्याच्या ‘वेड्याची रोजनिशी’ ह्या कथेवरील त्याची संगीतिका १९९४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे सादर झाली. त्या शहरातील ‘न्यू आंसांब्ल’ ह्या वाद्यमेळाने ह्या संगीतकारांना १९९१ पासून यूरोपीय श्रोत्यांपुढे आणले होते.

परंपरागत संगीताच्या वाट्याला यूरोपीय रंगमंच उशिरा आला. तैवानमधील ताइनान येथील ‘नान्शंग श’ ह्या नानग्वान संगीताच्या मंडळीने १९८२ मध्ये पॅरिसमध्ये केलेली रात्रभराची मैफल फ्रेंच नभोवाणीने प्रक्षेपित केली. अशा संथ संगीताला लागणारा अवधी यूरोपात प्रथमच मिळाला. नेदर्लंड्‌समधील लायडन येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘चाइम’ ह्या चिनी संगीताच्या संशोधनसंस्थेने खेड्यापाड्यांतील वादकांना यूरोपात आणले. शान्शी प्रांतातील ली घराण्याचे ताओपंथी वादक २००५ पासून यूरोपात कार्यक्रम करू लागले. गावात त्यांचे अंत्यविधीचे संगीत दिवसदिवस चालते; रंगमंचासाठी ते दीड-दोन तासांत बसवावे लागते. राजधानीतून येणाऱ्या सरकारी मंडळींपुढे असा प्रश्न नसतो, कारण त्यांचे कार्यक्रम मुळातच रंगमंचासाठी घडविलेले असतात.

अलीकडील काळ : सप्टेंबर १९९८ मध्ये पूचीनीची तूरांदोत बीजिंगच्या राजप्रासादालगत, सम्राटांच्या पूर्वजांच्या मंदिरापुढे झाली. दिग्दर्शक चांग यीमौ चिनी होता, वाद्यवृंद फ्लॉरेन्सचा होता आणि संचालक झुबिन मेहता मूळचे मुंबईचे. संगीतपेटीतून यूरोपात पोहोचलेली चिनी चाल अशा रीतीने घरी परतली. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या सुवर्णसभागृहात चिनी नववर्षानिमित्त चिनी वाद्यवृंदाची मैफल झाली आणि तो प्रघातच पडला. पुढे अनेक चिनी मंडळ्या सरकारी पैशाने ते सभागृह भाड्याने घेऊन, फुकट प्रवेशिका वाटून, केवळ नावलौकिकासाठी तेथे कार्यक्रम करू लागल्या. ह्या ‘सोन्याचा मुलामा’ देण्याच्या प्रकारावर कडक टीका झाली, ती चिनी वृत्तपत्रांतूनच. ७ मे २००८ रोजी चायना फिलहार्मॉनिकने व्हॅटिकनमध्ये पोपसमोर मोट्सार्टचे ‘रेक्विएम’ आणि त्यानंतर ‘मोली ह्वा’ सादर केले. चीन आणि व्हॅटिकन ह्यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते आणि ते जोडणारा कोणताही करार ह्या मैफलीनंतर झाला नाही.

२००७ च्या अखेरीस बीजिंगमध्ये पॉल आंद्र्यू ह्या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने रचलेले राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र उघडले आणि यूरोपीय वाद्यवृंदांच्या वार्षिक दौऱ्यांत चीन हा नेमाचा मुक्काम झाला. २०२० मधील महासाथीने हे दौरे सुमारे तीन वर्षे थांबविले. ते पुन्हा सुरू झाल्यावर, २०२४ च्या उन्हाळ्यात, बर्लिन फिलहार्मॉनिकने एकेका शहरात एकेक मैफल करण्याऐवजी शांघायमध्येच अनेक दिवस मुक्काम केला. पाचीचा जुना वाद्यवृंद ‘शांघाय सिंफनी ऑर्केस्ट्रा’ ह्या नावाने त्याच शहरात अजून कार्यरत आहे.